थोरला गावाला गेलाय

मी कवळ्या बनवतो. सांगली-मिरजेच्या दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाची मापं माझ्याकडे येतात. मी त्यांत प्लास्टर ओतून जबडे काढतो, मेणावर दात बसवतो आणि बत्तिशी तयार करून परत पाठवतो. माधवनगरात, बंद पडलेल्या गिरणीच्या मागच्या गल्लीत, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत हे सगळं चालतं. फळ्यांवर पांढरे जबडे ओळीनं मांडलेले असतात. नवखा माणूस आत शिरताना दारातच घुटमळतो. मला त्यांचं काही वाटत नाही. माणसापेक्षा त्याचा जबडा बरा, निदान उलट बोलत नाही, असं माझं मत आहे, आणि या मतामुळे माझे फार मित्र नाहीत.

दुसरा नाद नाण्यांचा. पण खऱ्या नाण्यांचा नाही. दोन हजार वर्षांपूर्वी रोमची नाणी गलबतांतून आपल्याकडे येत, हे शाळेत शिकवतात. पण ती पाहून आपल्याकडच्या कारागिरांनीही तशी नाणी पाडली, हे शिकवत नाहीत. कुणी सोन्याची पाडली, कुणी शिशाची, कुणी चक्क भाजक्या मातीची. ना राजाचा हुकूम, ना टांकसाळ. बाजारात चालवायला नव्हे, बहुतेक गळ्यात घालायलाच ती केली असावीत, कारण पुष्कळांना वर दोरा ओवायला कान तरी असतो नाहीतर भोकं तरी. ही नकली नाणी मी गोळा करतो. कऱ्हाडला पूर ओसरल्यावर नदीकाठी सापडलेली मातीची दोन आहेत, एका भंगारवाल्याच्या डब्यातलं शिशाचं एक आहे, आणखीही आहेत.

बायको म्हणते, "दिवसभर खोटे दात आणि सुट्टीच्या दिवशी खोटी नाणी. लग्न तेवढं खरं केलंत, नशीब माझं." तिला काय सांगायचं? खरी नाणी सगळी सारखी असतात. एका साच्यातली शंभर बघा, बादशहा शंभर वेळा तोच. नकली नाणी करणाऱ्याला मात्र रोमची अक्षरं वाचता येत नव्हती. त्यानं अक्षरांच्या जागी काड्या आणि टिंबं काढली. बादशहाच्या डोक्यावरची पानांची माळ कुठं वेणी झाली, कुठं मुंडासं झालं. प्रत्येक जण आपल्या परीनं चुकला, आणि माणूस ओळखावा तो त्याच्या चुकीवरून. निदान माझ्या धंद्यात तरी तसंच आहे. सरळ दात सगळ्यांचे सारखे, वाकडे ज्याचे त्याचे.

माझ्याकडचं सगळ्यात चांगलं नाणं मला विट्याच्या एका गलाईवाल्यानं दिलं. विट्याकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर गलाईची दुकानं चालवतात. जुनं सोनं मुशीत वितळवायचं आणि शुद्ध करून द्यायचं, हा त्यांचा धंदा. या गृहस्थाची हयात तमिळ मुलखात गेली होती. म्हातारपणी दुकान मोडून तो विट्याला परत आला, बंगला बांधला आणि कवळी करून घेतली. खालची कवळी हिरडीला टोचते म्हणून तो डॉक्टरला टाळून थेट माझ्याशी भांडायला आला. मी समोर बसून ती घासून दिली, तसा निवळला. फळीवरच्या काचेच्या डबीतली माझी नाणी बघत उभा राहिला. पुढच्या खेपेला येताना त्यानं पोलक्याच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी आणलं.

सोन्याचं होतं, हलक्या कसाचं. वरच्या बाजूला, बरोबर डोक्यावर, दोन भोकं. एका अंगाला मुकुटाच्या जागी पानं माळलेला पुरुष, बाजूनं दिसणारा. भोवती काड्या नि टिंबं. दुसऱ्या अंगाला खुर्चीवर बसलेली एक बाई, हातात काठी.

"ह्ये घिऊन एक जण दुकानात आला तवा मी मूस तापवून बसलो हुतो," गलाईवाला सांगू लागला. "परमुलखात कुणीतरी आपल्या बोलीत बोललं म्हणून बरं वाटलं. हातात घेतलं, त्वांड बगितलं आन मान वर केली. गड्या, खोटं न्हाई सांगत, ह्येच्यावरलाच माणूस म्होरं हुबा हुता. ह्यो जबडा असा फुडं आल्याला. त्योच. मला वाटलं, उन्हानं डोळं फिरलं. पुना खाली बगितलं, पुना वर बगितलं."

"मग?"

"मग काय? त्यो म्हणला, मोडू नका. एवडंच. सोनं घालायला आला आन म्हणतोय मोडू नका. ग्येला त्यो पुना काय आला न्हाई. मलाबी मुशीत टाकवंना. माणूस जित्ता जाळल्यावानी वाटाय लागलं. एवडी वर्सं संबाळलं, पर घरात ठिवलं की नजर हटत न्हाई त्येची. तुमच्याकडं त्येच्या जातीची सोबत हाय. ऱ्हाऊ द्या."

नजरेचं त्याचं खरं होतं. तोंड बाजूनं आणि डोळा मात्र समोरून काढलेला. नकली नाण्यांत ही चूक नेहमी होते. डोळा पाहिल्यासारखा काढता येतो, बाजूनं तो कसा दिसतो ते सहसा कुणाला ठाऊक नसतं. मला कारण माहीत होतं, तरीही मी ते एका वेगळ्या डबीत घालून कामाच्या टेबलापासून दूर, उंच फळीवर, जबड्यांच्या मागे ठेवलं. तो मला काम करताना बघतो, हे मला आवडेना.

साताऱ्याला नाण्यांचं एक प्रदर्शन भरलं होतं, तिथं मी ते नेलं. तिथल्या एका जाणत्या संग्राहकानं भिंगातून पाहिलं आणि ज्या खऱ्या नाण्यावरून ते केलं होतं त्याचं चित्र मला पुस्तकात काढून दाखवलं. नाक तेच, माळ तीच, मागची खुर्चीतली बाई तीच. फक्त हनुवटी वेगळी. खऱ्या बादशहाचे ओठ एकावर एक मिटलेले, जबडा बेताचा. माझ्या नाण्यावर खालचा जबडा पुढं, खालचा ओठ वरच्या ओठावर चढलेला. "कारागीर कच्चा," तो म्हणाला. "नाकापर्यंत नीट आला आणि मग हात घसरला."

मी मान डोलावली, पण मनातून पटलं नाही. माझं सगळं आयुष्य जबड्यांत गेलं आहे. हात घसरला की जबडा मोडतो, सुजतो, तिसरीकडेच जातो. हा कुठं मोडलेला नव्हता. गालाचं हाड, ओठाची घडी, हनुवटीच्या टोकाचा उंचवटा, सगळं अशा जबड्यात असतं तिथंच होतं. असा जबडा न बघता कुणाला काढता यायचा नाही. त्या कारागिरानं नाकापर्यंत रोमचा बादशहा काढला आणि मग मान वर करून समोर बसलेल्या कुणाकडे तरी बघितलं. साताऱ्याहून परत येताना एस्टीत हा विचार माझ्या डोक्यात आला आणि मला तो अजिबात आवडला नाही. मी शास्त्राचा माणूस आहे, दाताला अमावास्या-पौर्णिमा कळत नाही असं लोकांना सांगणारा.

पुढं बरेच महिने मी त्या नाण्याकडे बघितलं नाही. मग एक माप आलं.

माप म्हणजे दात नसलेल्या तोंडाचा गुलाबी लगद्यातला ठसा. रोज येतात. मी त्यात प्लास्टर ओतलं, वाळल्यावर साचा सोडवला आणि वरचा-खालचा जबडा एकमेकांवर ठेवून बघितला. खालचा पुढं आला. अशी तोंडं असतात, अधूनमधून येतात. पण माझ्या हाताला ते ओळखीचं वाटलं. हनुवटीच्या बाजूनं अंगठा फिरवला आणि उगीच मान वर करून उंच फळीकडे बघितलं. खुर्चीवर चढून डबी काढली. नाणं त्या जबड्याशेजारी धरलं. उन्हं खिडकीतून सरळ टेबलावर पडली होती, भर दुपारची वेळ, गल्लीत भाजीवाला ओरडत होता, आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

माप पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, पूर्वेकडचे एक धनगर म्हातारबाबा आहेत, पाय अधू, पुन्हा सांगलीला येणं जमायचं नाही म्हणतात. "मेणावर दात बसव, पुतण्या येऊन घेऊन जाईल. बसतात का ते बघून मग पक्के करू." मी म्हटलं, पुतण्या कशाला, मीच जातो. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, कोण, तू? एवढ्या वर्षांत मी एकाही पेशंटचं तोंड बघायला गेलो नव्हतो.

मेणावर दात बसवताना मी शिकलो तसंच केलं. जबडा पुढं असला तर वरचे दात थोडे पुढं आणि खालचे आत घ्यायचे, म्हणजे तोंड चारचौघांसारखं दिसतं. पेशंट खूश होतात. मेणाची कवळी डब्यात घेतली, आणि का ते मलाही सांगता येणार नाही, नाण्याची डबीही सदऱ्याच्या खिशात टाकली.

तासगावपर्यंत द्राक्षांच्या बागा, बेदाण्याच्या शेड, ट्रॅक्टर. पुढं हिरवं विरळ होत गेलं. फाट्यावर उतरून माळावरनं चालत वस्तीवर गेलो. पाच-सहा घरं, मेंढरांचा वास, बाभळी. दारांशी बायका-माणसं बसली होती, कुणी लोकर पिंजत, कुणी धान्य निवडत. मला येताना बघून सगळ्यांनी माझ्याकडे तोंडं केली. मग एकेक जण परत कामाकडे वळला, आणि मला ती तोंडं बाजूनं दिसली. सगळी एकजात तीच. एक तर दोन-तीन वर्षांची पोर होती, तिचाही खालचा ओठ वर चढलेला. मला खिशातली डबी एकदम जड वाटू लागली.

म्हातारबाबा सोप्यात घोंगड्यावर बसले होते. दात नसल्यानं तोंड आत गेलेलं, हनुवटी नाकाला भिडायला आलेली. त्यांची कारभारीण चहा ठेवायला गेली. मी उगाच इकडं-तिकडं बघत होतो, तर कोनाड्यातला देव्हारा दिसला. पितळी ताटलीत भंडाऱ्याचा जाड थर आणि त्यावर चांदीचे टाक. टाक म्हणजे देवांचे आणि घरच्या गेलेल्या मोठ्या माणसांचे पत्र्यावर उठवलेले मुखवटे. आपल्याकडे घरोघर असतात. दोन्ही बाजूंना ते ओळीनं मांडलेले. मधली जागा मोकळी. भंडाऱ्यात नाण्याएवढाच गोल खळगा, ताज्या काठाचा. आणि त्या रिकाम्या खळग्यापुढं भाकरीचा तुकडा ठेवलेला.

"तिथं कोण असतं?" मी विचारलं.

"थोरला," म्हातारी चहा घेऊन येत म्हणाली. "थोरला गावाला गेलाय."

आपल्याकडे नुसतं 'गेला' म्हणत नाहीत. गेला म्हणजे संपला. 'गावाला गेलाय' म्हणजे येणार आहे. शेजारी चौकशी करतात, कुलूप बघून पाव्हणे परत जातात, तेव्हा आपण हे शब्द वापरतो. देवाविषयी ते मी पहिल्यांदा ऐकले.

"आमच्या मूळ पुरुषाचा टाक. सोन्याचा हुता," म्हातारबाबा बोलले. दात नसल्यानं शब्द भिजल्यासारखे येत होते. "पाठीमागनं मेंढरं राखणारी बाई, हातात काठी. सगळ्या भावकीचं त्वांड त्येच्यावरनं पडलंय. धाकटं पोरगं गलाईला ग्येलं, तवा त्येनं थोरल्याला संगट न्हेला. परमुलखात राखण व्हईल म्हणला. आमीच दिला."

"जाताना 'येतो' म्हणून ग्येलंया," म्हातारी म्हणाली. "फोनबी यायचा पयल्यांदा. आता लय वर्सं न्हाई. पर थोरला संगट हाय, मला घोर न्हाई. आलं की दोगं येत्याल." ती ताटलीकडं वळली, कुंकवाचा करंडा उचलला आणि त्याच्या बुडानं तो खळगा पुन्हा दाबून नीट केला. रोज करत असावी. भंडारा ढासळतो ना.

मी त्या वेळी डबी काढून ताटलीत ठेवायला हवी होती, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही वाटलं. हात खिशापर्यंत गेलासुद्धा. पण ती म्हणाली होती, दोघं येतील. माझ्या खिशात एकच होता.

मी विषय बदलला. विचारलं, बाबा, इतकी वर्षं बिनदाताचे राहिलात, आताच का कवळी करायची मनात आलं?

म्हातारा हसला. "खायाला न्हाई. भाकरी दुदात कुस्करून जातीया. पर दात पडलं की मानसाचं त्वांड बदलतंय. पोरगं आलं न् दारात बगितलं तर म्हनंल, ह्यो कोण म्हातारा? वळकायचं न्हाई मला. त्येनं बगितलं तसं त्वांड पायजे बगा. तेवडं करा."

मी इतकी वर्षं कवळ्या केल्या. कुणाला खायला हव्या होत्या, कुणाला लग्नात मिरवायला. ओळख पटावी म्हणून कुणी मागितल्या नव्हत्या. मी घाईघाईनं मेणाची कवळी काढली, त्यांच्या तोंडात बसवली, ओठ मिटायला सांगितले.

नीट बसली. ओठ एकावर एक मिटले, हनुवटी मागं गेली. कुठल्याही लग्नपत्रिकेत शोभावं असं तोंड. मी मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

तेवढ्यात म्हातारी चुलीकडनं वळली. तिनं नवऱ्याकडं बघितलं आणि चटकन पदर डोक्यावर ओढून घेतला. परका पुरुष घरात आल्यावर बायका घेतात तसा. मग भिंतीकडं सरकली.

"आवं," ती हळूच म्हणाली, "कोण बसलंय त्ये?"

कुणी हसलं नाही. म्हाताऱ्यानं भिंतीवरचा आरसा मागितला. बघितलं. स्वतःच्याच तोंडाला त्यांनी बोट लावून बघितलं, जरा भीत भीत. मग कवळी काढून माझ्या हातात दिली. "हे दात चांगलं हायती," ते समजुतीनं म्हणाले. "पर दुसऱ्याचं हायती."

चूक माझी होती, आणि ती माझ्या धंद्यातलीच होती. मी ज्याला 'सुधारणं' म्हणत आलो ते त्या घरात तोंड पुसून टाकणं होतं. मी विचारलं, दात होते तेव्हाचा एखादा फोटो आहे का? नव्हता. लग्नात कुणी फोटो काढला नव्हता. आधार कार्डावरचा होता, पण तोवर दात गेलेले. "थोरला असता तर त्येचं त्वांड दावलं असतं," म्हातारी अजून पदर न सोडता म्हणाली. "डिट्टो ह्येच."

घरी आलो. टेबल साफ केलं, म्हातारबाबांचे प्लास्टरचे जबडे मांडले आणि त्यांच्यासमोर मेणाच्या गोळीवर ते नाणं उभं केलं. पहिल्यांदाच मी ते मुद्दाम माझ्याकडे बघेल असं ठेवलं.

मेण वितळवून पुन्हा सुरुवात केली. शिकलो होतो ते सगळं उलटं. खालचे दात पुढं, वरचे त्यांच्या आत. एकेक दात बसवायचा, नाण्याकडं बघायचं, ओठाची घडी कुठं पडते ते पारखायचं, पुन्हा दात हलवायचा. मी नक्कल करत होतो हे मला कळत होतं. रोमच्या एका माणसाची नक्कल कुणा सोनारानं केली, ती करताना समोरच्याचं तोंड त्यात घातलं, आणि आता मी त्या नकलेवरून तेच तोंड परत काढत होतो. खरं कोण आणि नकली कोण, हे ठरवायला गेलो की डोकं गरगरायचं. संध्याकाळी बायको चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. "हा काय तुमच्याकडनं काम करून घेतोय का?" ती म्हणाली. चेष्टाच होती, पण चहा ठेवून ती लगेच आत गेली.

त्याच दिवसांत मी विट्याच्या गलाईवाल्याला फोन करून खोदून खोदून विचारलं. कोणतं गाव, तो पोरगा कुठं राहायचा, कुणासोबत होता. त्याला काही सांगता आलं नाही. दुकान बंद होऊन जमाना झाला होता. त्यानं तिकडच्या ओळखीच्या गलाईवाल्यांना विचारून बघितलं. जबडा पुढं आलेला आपल्याकडचा माणूस, एवढीच खूण. कुणाला आठवेना.

दुसऱ्या खेपेला मी पक्की केलेली कवळी आणि डबी दोन्ही घेऊन गेलो, डबी तर द्यायची म्हणूनच. मनाशी सगळं ठरवलं होतं. दुसऱ्याचा देव आपल्या फळीवर ठेवायचा म्हणजे काय? एस्टीत वाक्यंसुद्धा पाठ केली.

म्हाताऱ्यानं कवळी तोंडात घातली. ओठ मिटले. खालचा ओठ वरच्यावर चढला, हनुवटी पुढं आली आणि आत गेलेलं ते तोंड भरून वर आलं. मी दोन पावलं मागं सरलो. टेबलावर इतके दिवस माझ्याकडं बघत होता तो माणूस घोंगड्यावर बसून डोळे मिचकावत होता.

म्हातारी बाहेरून आली. बघितलं. तिचा हात डोक्यावरच्या पदराकडं गेला नाही. ती नवऱ्याजवळ बसली आणि बराच वेळ बघत राहिली. "आलं," म्हणाली. "ह्येच त्वांड." मग डोळे पुसत भाकरी करायला उठली.

म्हातारबाबा काठी घेऊन उठले आणि मला मेंढरं बसतात त्या बाभळीखाली घेऊन गेले. कवळीची सवय नसल्यानं बोलताना दात टकटक वाजत होते. पाठीमागं वळून म्हातारी ऐकत नाही ना, ते त्यांनी बघितलं.

"कुटं बगितलासा त्येला?"

"कुणाला?"

"आवं, म्हातारा झालोय, खुळा न्हाई. तुमी मला दातासंगट कवा बगितलंयसा? फोटू न्हाई, काय न्हाई. मग ह्ये त्वांड कुटनं काढलं? थोरल्याला बगितल्याबिगर ह्ये हुयाचं न्हाई."

मी खिशातून डबी काढली आणि उघडून समोर धरली. त्यांनी हात लावला नाही. वाकून बघितलं. बाभळीच्या सावलीत ती दोन तोंडं एकमेकांसमोर आली, एक सोन्याचं, एक कातडीचं, आणि मला तिथं उभं राहवेना.

"एकलाच हाय?" त्यांनी विचारलं.

"एकटाच."

मग मी माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं. तमिळ मुलूख, गलाईचं दुकान, तापलेली मूस. पोरानं सोनं दिलं, पण मोडू नका म्हणाला, हेही सांगितलं.

"मोडू नका म्हणला?"

"हो."

"आसंच म्हणला?"

"असंच."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "मंग चांगलं हाय पोरगं," ते म्हणाले. नव्या दातांत ते शब्द स्वच्छ आले.

मी डबी त्यांच्या हातात देऊ लागलो. त्यांनी माझी मूठ मिटवली आणि वरून आपला हात दाबून धरला. "ठेवा. हितं देऊ नका. म्हातारी त्येला जागंवर ठेवील आन दाराकडं बगत बसंल. दोगं येत्याल म्हणून जगलीया ती. एकला आला तर मी तिला काय सांगू? ती जागा मोकळी हाय तवर पोरगं गावाला गेलंया." त्यांनी पुन्हा घराकडं बघितलं. "जवा दोगं येत्याल तवा आणा."

पाठ केलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठं गेली. मी डबी परत खिशात घातली आणि आम्ही घराकडं वळलो. म्हातारबाबा घोंगड्यावर जाऊन बसले.

निघताना म्हातारी मला पोचवायला बाभळीपर्यंत आली. पदराखालनं तिनं फडक्यात बांधलेल्या दोन पुरचुंड्या काढल्या. एक माझ्या हातात दिली. "ह्यो तुमचा. वाटंत खावा." मग दुसरी माझ्या खिशाजवळ धरली, डबी होती त्याच बाजूला. "आन ह्यो त्येचा निवद. हितं मोकळ्या जागंवर ठिवते रोज. आज तुमी न्ह्या. भुकेला आसंल." मी तिच्या तोंडाकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, घराकडं बघत होती. "ह्येंला कळू देऊ नका," ती म्हणाली. "दोगं येत्याल म्हणून दात करून घेतल्यात त्येंनी."

मी 'येतो' म्हणालो. आजवर हा शब्द हजार वेळा उच्चारला असेन, पण तो इतका जड असतो हे तेव्हा कळलं. फाट्यापर्यंत मी मागं वळून बघितलं नाही.

माझी पुरचुंडी मी तासगावच्या स्टँडवर खाल्ली. बाजरीची भाकरी आणि ठेचा. दुसरी तशीच घरी आणली. डबीतून त्याला काढून टेबलावर ठेवलं, पुरचुंडी सोडून भाकरी त्याच्यापुढं मांडली आणि बसून राहिलो. देवधर्म करत नाही म्हणून मी गल्लीत बदनाम आहे. बायको आत आली. मला वाटलं, आता ही काही सोडत नाही आपल्याला.

"कोण आलंय?" तिनं विचारलं.

"पाहुणा आहे," मी म्हणालो. "त्याला गावाला जायचंय. सोबत आली की जाईल."

ती हसली नाही. आत जाऊन तिनं पाण्याचा तांब्या आणला आणि भाकरीशेजारी ठेवला.